वेगवान गाडीची साधी भावंडे

दहा वर्षांपूर्वी चाळीस-पंचेचाळीस लाखांना विकली गेलेली मोटार आज दहा-बारा लाखांना मिळते, तेव्हा स्वस्त झालेली असते ती फक्त मोटार. तिचा टर्बो, तिचे ब्रेक, तिचा गिअरबॉक्स आणि त्या गिअरबॉक्समध्ये ओतायचे तेल हे सारे अजूनही पंचेचाळीस लाखांच्या गाडीचेच असते आणि त्याची बिले त्याच मापाने येतात. किंबहुना मधल्या दहा वर्षांत सुट्या भागांचे भाव चढलेलेच असतात. जुनी वेगवान गाडी घेऊ पाहणाऱ्याने ही विसंगती आधी नीट समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते, कारण या गाड्यांवर माझे प्रेम आहे आणि पैशाअभावी शेडमध्ये उभी राहिलेली, चारही टायर बसलेली, छतावर धूळ साचलेली अशी एखादी गाडी दिसली की मला खरोखर वाईट वाटते.

नाशिकमध्ये या गाड्या आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. द्राक्षांचा हंगाम बरा गेला की पिंपळगाव, निफाड, दिंडोरी या पट्ट्यातून त्यांची चौकशी वाढते आणि ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून ती आणखीच वाढली आहे. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि ती पाळलीच पाहिजे. तरीही दोन-अडीचशे अश्वशक्तीच्या गाडीचा आनंद त्या मर्यादेच्या आतही पुरेपूर मिळतो: चढावर मालमोटारीला काही क्षणांत मागे टाकण्यात, कसारा घाटाच्या वळणांवर गाडी रुळावर असल्यासारखी स्थिर राहण्यात, ब्रेक दाबताच पुढचा भाग न डोलता वेग उतरण्यात. शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर असल्यामुळे साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद इथल्या विरळ हवेत थोडी घटते, तर हवा दाबून आत भरणारा टर्बो असलेल्या इंजिनाला ही उंची जवळपास जाणवतच नाही.

माझा मावसभाऊ पिंपळगाव बसवंतचा द्राक्षबागायतदार आहे आणि अशी एखादी गाडी घ्यायची हे त्याने यंदा नक्की केले आहे. मी सातपूरच्या एका कारखान्यात, गुणवत्ता विभागात, मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजमापे घेण्यात नोकरी केली असल्यामुळे त्याने हा विषय माझ्यावर सोपवला. त्याचा पहिला प्रश्न होता, “दादा, अ‍ॅव्हरेज किती देईल?” आपल्याकडे प्रत्येक गाडीला हाच प्रश्न आधी विचारला जातो आणि साध्या गाडीच्या बाबतीत तो योग्यही आहे. पण इथे थोडा हिशोब करून पाहावा. वर्षाला आठ हजार किलोमीटर चालणारी गाडी लिटरला ११ ऐवजी ८ किलोमीटर देत असेल, तर वर्षाकाठी सुमारे २७३ लिटर पेट्रोल जास्त लागते. लिटरला १०५ रुपये धरले तर हा फरक साडेअठ्ठावीस हजारांच्या आसपास जातो. रक्कम लहान नाही, पण ती आधीपासून ठाऊक असते आणि थोडीथोडी जाते. याउलट ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचच्या स्वयंचलित, गिअरबॉक्सचे मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा त्याचा मेंदू आणि त्याचा हायड्रॉलिक भाग, निकामी झाले तर दीड-दोन लाख एकाच दिवशी जातात. या गाड्यांमध्ये मालकाला घायकुतीला आणतो तो असा एकरकमी खर्च, आणि तो येण्याची शक्यता किती हे अ‍ॅव्हरेजवरून कळत नाही.

ते कशावरून कळते, याचे उत्तर शोधताना माझे एक मत पक्के होत गेले. वेगवान गाडीचा भरवसा तिच्या साध्या भावंडांवर ठरतो. तिचे इंजिन आणि तिचा गिअरबॉक्स ज्या घराण्यातले आहेत, त्याच घराण्यातल्या साध्या, कुटुंबाच्या वापराच्या गाड्या आपल्या रस्त्यांवर जितक्या जास्त विकल्या गेल्या, तितके तिचे दुखणे ओळखीचे, तिचे भाग उपलब्ध आणि तिच्यावर हात बसलेले मिस्त्री जास्त.

स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २३० हे याचे मला सर्वांत चांगले वाटणारे उदाहरण आहे. २०१७ मध्ये ती भारतात सुमारे साडेचोवीस लाखांना आली, तिचे दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन २३० अश्वशक्तीचे, आणि कागदावर ती दुर्मीळच म्हणायची. पण तिच्या बॉनेटखाली फोक्सवॅगन समूहाच्या ईए८८८ मालिकेचे जे तिसऱ्या पिढीचे इंजिन आहे, त्याच मालिकेची इंजिने सुपर्बमध्ये आणि साध्या १.८ ऑक्टाव्हियामध्ये आली. त्यामुळे त्याचे नेहमीचे दुखणे कोणते हे अंबडमधल्या स्वतंत्र गॅरेजवाल्यालाही तोंडपाठ आहे. प्लास्टिकच्या घरात बसवलेला वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट उष्णतेच्या चढउताराने कालांतराने झिरपू लागतो, कूलंटची पातळी हळूहळू उतरते, आणि जोडापाशी कूलंट वाळून राहिल्याचा गुलाबी थर दिसतो. तो दिसला की पूर्ण युनिट बदलायचे, आणि तेवढ्याने काम भागते. तिचा सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगन समूहाचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स, हा ओल्या क्लचचा आहे, म्हणजे त्याचे क्लच तेलात फिरतात आणि थंड राहतात. दर ६० हजार किलोमीटरला तेल व फिल्टर बदलला तर तो दीर्घकाळ साथ देतो. इंजिनाची आधीची पिढी इतकी निश्चिंत नव्हती. ईए८८८ च्या दुसऱ्या पिढीत पिस्टनच्या तेलाच्या रिंगा फार बारीक होत्या, त्यामुळे अनेक गाड्या इंजिन ऑइल पिऊ लागल्या. आणि त्या काळच्या टायमिंग चेनला, म्हणजे इंजिनाच्या झडपा वेळेवर हलवणाऱ्या साखळीला, ताणून धरणाऱ्या टेन्शनरचीही ख्याती चांगली नाही. २०११ मध्ये आलेली लॉरा आरएस आज खूपच स्वस्त दिसते, परंतु ती पाहताना तेल किती जळते हे तपासल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नये.

आता याच घराण्यातली दुसरी गाडी पाहा. २०१६ मध्ये फोक्सवॅगनने पोलो जीटीआय आणली, तीन दारांची, १.८ लिटरची, १९२ अश्वशक्तीची, आणि अगदी मोजक्या संख्येने. इंजिन भरवशाच्या पिढीतले, गाडी लहान आणि चपळ, दिसायला अशी की वाहत्या रस्त्यावर मान वळावी. पण तिचा सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे. हा गिअरबॉक्स मुळात लहान इंजिनांसाठी बनवलेला आणि त्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर टॉर्कची, म्हणजे फिरवण्याच्या जोराची. म्हणूनच युरोपात हाताच्या गिअरची हीच गाडी ३२० न्यूटन मीटर देत असताना डीएसजीच्या गाडीला कंपनीने २५० वरच रोखले होते. यावरून हे स्पष्ट होते की हा गिअरबॉक्स आपल्या क्षमतेच्या अगदी काठावर काम करतो. नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत, अर्धवट क्लचवर सरपटत राहण्यात, कोरडा क्लच तापतो आणि झिजतो. २०१३ मध्ये चीनमध्ये फोक्सवॅगनला डीएसजीच्या तक्रारींमुळे ३ लाख ८४ हजारांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, यावरून या दुखण्याचा आवाका लक्षात येतो. त्यातही आणखी एक अडचण अशी, की भारतात बनलेल्या सगळ्या पोलो पाच दारांच्या आहेत. जीटीआयचा लांब दरवाजा किंवा मागची बाजूची काच फुटली, तर देशभर धावणाऱ्या पोलोंपैकी एकीचाही तो भाग तिला बसत नाही. मला ही गाडी फार आवडते. तरीही रोजच्या वापरासाठी ती घेण्याचा सल्ला मी भावाला दिला नाही.

फियाटची अबार्थ पुंतो या दोन टोकांच्या मध्ये बसते. २०१५ मध्ये ती दहा लाखांच्या आत आली, पुण्याजवळ रांजणगावला बनलेली, १.४ लिटरच्या टी-जेट टर्बो इंजिनाची, १४५ अश्वशक्तीची, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि हाताचे पाच गिअर. तिच्यात ड्युअल क्लचची चिंता नाही, इंजिन दणकट आहे, टायमिंग बेल्ट वेळेवर बदलला की फारसे काही मागत नाही. सस्पेन्शनचे आणि आतले बरेच भाग साध्या पुंतोशी जुळतात. पण फियाट २०१९ मध्ये भारतातून गेली, आणि आपल्याकडे घराघरांत पोहोचलेले फियाटचे इंजिन होते ते १.३ लिटरचे डिझेल. त्याच्या भागांचा टी-जेटला काहीच उपयोग नाही. टी-जेटचा टर्बो किंवा त्याच्या नळ्या शोधायच्या तर मालकांच्या आपसातल्या ओळखी आणि बाहेरच्या देशांतली दुकाने हाच मार्ग उरतो. ज्याला स्वतः शोधाशोध करायला आवडते आणि गाडी महिनाभर उभी राहिली तरी ज्याचे काम अडत नाही, त्याच्यासाठी आजही इतक्या कमी पैशांत इतका आनंद देणारी दुसरी गाडी नाही.

बीएमडब्ल्यूकडे वळले की लोक बिल्ल्यावरून मत बनवतात, आणि ते दोन्ही बाजूंनी चुकीचे ठरते. अंबडच्या ज्या मिस्त्रींशी मी या सगळ्या काळात बोलत होतो, त्यांची एक पद्धत मला फार पटली. आपण गाडीचे नाव सांगू लागलो की ते थांबवतात: “साहेब, आधी इंजिनाचा कोड सांगा, गाडी मागून सांगा.” २०१२ ची ३२८आय आणि २०१९ नंतरची ३३०आय या दोन्ही दोन लिटरच्या, दोन्ही अडीचशे अश्वशक्तीच्या आसपासच्या, परंतु पहिलीत एन२० आहे आणि दुसरीत बी४८. एन२० मध्ये टायमिंग चेनला आधार देणारे मार्गदर्शक प्लास्टिकचे आहेत, गरम तेलात राहून ते ठिसूळ होतात, त्यांचे तुकडे तेलाच्या टाकीत पडतात आणि तेल ओढणाऱ्या जाळीत अडकतात. म्हणजे चेन सैल होण्याचा धोका आणि बेअरिंगला तेल कमी पडण्याचा धोका एकदमच उभा राहतो. २०१५ च्या सुमारास हे भाग सुधारले गेले. एन२० च्या पुढच्या पिढीतली बी४८ ही चार सिलिंडरची आणि बी५८ ही सहा सिलिंडरची इंजिने एकाच रचनेवर उभी आहेत आणि गेल्या दशकातल्या सर्वांत भरवशाच्या टर्बो इंजिनांत त्यांची गणना होते. मार्च २०२१ मध्ये चेन्नईत जुळणी होऊन आलेल्या एम३४०आय मध्ये हेच बी५८ आहे, ३८७ अश्वशक्तीचे, आणि ती गाडी ताशी शंभरचा वेग ४.४ सेकंदांत गाठते. तिच्यात एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: या इंजिनांची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, त्यामुळे तिथे काम निघण्याची वेळ क्वचित येत असली तरी आली तर मजुरी जबर लागते.

या गाड्यांच्या आठ गिअरच्या झेडएफ गिअरबॉक्सबद्दलही थोडे सांगायला हवे. बीएमडब्ल्यू त्यातले तेल आयुष्यभराचे मानते. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ते बदलण्याचा सल्ला देते. नव्या गाडीचा पहिला मालक पाच वर्षांत गाडी विकतो, त्याच्यापुरते ‘आयुष्यभर’ खरे असते. दुसऱ्या मालकाने गिअरबॉक्स बनवणाऱ्याचे ऐकावे.

भावंडांच्या या कसोटीला एक मोठा अपवाद आहे आणि तो लपवणे योग्य होणार नाही. पोर्शची ९११ ही ९९६ आणि सुरुवातीच्या ९९७ पिढीत साध्या कॅरेरा प्रकारात इंजिनाच्या आतल्या इंटरमीडिएट शाफ्ट या दांड्याच्या बेअरिंगमुळे बदनाम झाली. ते बेअरिंग तुटले की पूर्ण इंजिन गेले. त्याच काळातल्या टर्बो आणि जीटी३ मध्ये मात्र शर्यतीच्या परंपरेतून आलेले, मेत्सगर या अभियंत्याच्या नावाने ओळखले जाणारे वेगळे इंजिन होते आणि त्यात हा दोष नव्हता. म्हणजे इथे महागडी, खास बहीण धट्टीकट्टी निघाली आणि साधी बहीण नाजूक. उलट बीएमडब्ल्यूच्या ई६० पिढीच्या एम५ चे दहा सिलिंडरचे, ५०७ अश्वशक्तीचे इंजिन हे असे खास, की साध्या ५ सिरीजशी त्याचे काहीच नाते नाही, आणि त्याच्या कनेक्टिंग रॉडची, म्हणजे पिस्टनला शाफ्टशी जोडणाऱ्या दांड्यांची, बेअरिंगे झिजतात हे जगभर सिद्ध झाले आहे. बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यातली तेलाची फट मायक्रॉनमध्ये मोजायची असते; घट्ट तेल, थंड इंजिन आणि उतावळा पाय हे तिन्ही एकत्र आले की त्या फटीत तेल पोहोचण्याआधीच धातूवर धातू घासतो. हे मी कारखान्यात, वेगळ्या यंत्रांवर, पुष्कळ पाहिले आहे. म्हणूनच सकाळी इंजिन सुरू करताच गरगर वाढवणाऱ्या मालकाची गाडी, मग ती कितीही कमी चाललेली असो, मी नाकारतो.

इथल्या परिस्थितीचेही काही भाग खर्चात धरावे लागतात. अठरा-एकोणीस इंचांची चाके आणि त्यांवरचे पातळ टायर पावसाळ्यातल्या खड्ड्यांसाठी बनलेले नाहीत, आणि सिंहस्थाच्या कामांसाठी शहरातले रस्ते खणलेले असताना तर रिम वाकण्याची भीती सततची असते. बीएमडब्ल्यूचे अनेक प्रकार रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणाऱ्या, टायरवर येतात. चार टायरांचा संच लाखाच्या पुढे जातो आणि स्टेपनी नसते. टायर कमी झिजलेले दिसले तरी त्यांच्या बाजूवरचा चार अंकी आकडा वाचावा. त्यात पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. सहा-सात वर्षांचा टायर घेऊन समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर जाऊ नये. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि जुन्या गाडीच्या टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत किती टक्क्यांपर्यंत मुभा आहे हे घेण्याआधी पाहिलेले बरे. गाडी बंद पडून मुंबईला किंवा पुण्याला न्यायची वेळ आली, तर चारही चाकांना ताकद देणारी गाडी दोरीने टोचन करून ओढता येत नाही, तिला सपाट ट्रेलरच लागतो.

दिल्लीकडच्या गाड्यांचे भाव पाहून भावाला मोह झाला होता. तिकडे डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची सीमा चर्चेत आल्यापासून वय वाढलेल्या गाड्या स्वस्तात निघतात हे खरे आहे. पण एनओसी आणून इथे एमएच-१५ चे पासिंग करायचे, तर महाराष्ट्राचा रस्ता कर वयानुसार घट वजा करून भरावा लागतो, आणि वीस लाखांपुढच्या पेट्रोल गाडीला मूळ दर १३ टक्क्यांचा आहे. विम्याचेही असेच. तृतीय पक्षाचा हप्ता १५०० सीसीच्या वरच्या सर्व गाड्यांना सारखाच, ७,८९७ रुपये. गाडी जुनी होईल तशी तिची विम्यातली किंमत घटते, म्हणून एकूण हप्ता कमी दिसतो. पण झिरो डेप्रिसिएशनचे, म्हणजे भागांची घट न कापता भरपाईचे, संरक्षण नसेल, तर अपघातात प्लास्टिकच्या आणि रबरी भागांचे निम्मे पैसे मालकाच्या खिशातून जातात. या गाड्यांचे बंपर, दिवे, जाळ्या सगळे प्लास्टिकचेच, आणि त्यांतल्या एका एलईडी दिव्याची किंमत लाखाच्या घरात असू शकते.

हे सारे मांडून मी भावासाठी ढोबळ आकडे काढले, वर्षाला दहा हजार किलोमीटर धरून. आरएस २३० ला लिटरला दहा किलोमीटरच्या हिशोबाने पेट्रोल एक लाख पाच हजार, देखभाल अठ्ठावीस हजार, टायरांचा वाटा वीस हजार, विमा पंचेचाळीस हजार, आणि अचानक निघणाऱ्या कामासाठी बाजूला ठेवायचे साठ हजार. एकूण दोन लाख अठ्ठावन्न हजार, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ २६ रुपये. एन२० इंजिनाच्या ३२८आय ला पेट्रोल तेवढेच धरले, परंतु देखभाल पन्नास हजार, टायर पस्तीस हजार, विमा पन्नास हजार आणि राखीव रक्कम दीड लाख, कारण चेनचे काम निघाले तर त्याहून कमीत भागणार नाही. हा आकडा किलोमीटरला ३९ रुपयांवर गेला. दोन्ही गाड्यांचे पेट्रोल सारखेच आहे. तेरा रुपयांचा फरक पडला तो बाकीच्या बाबींमुळे, आणि त्यातला नऊ रुपयांचा भाग एकट्या राखीव रकमेचा आहे. साडेतीनशेहून अधिक अश्वशक्तीच्या आणि चांगल्या इंजिनाच्या गाडीसाठी त्याने थांबून पैसे जमवावेत असेही मी सुचवले. जुनी एम३४०आय आज त्याच्या आवाक्याबाहेर आहे, पण ती ज्या दिवशी आवाक्यात येईल त्या दिवशी तिच्या इंजिनाची मला भीती वाटणार नाही.

भावाचा कल आता आरएस २३० कडे आहे. पुण्यात एका हाताची, सत्तर हजारांच्या आसपास चाललेली एक गाडी त्याने पाहून ठेवली आहे. बाहेरून ती उत्तम दिसते, मालक सज्जन वाटतात, आणि ताकद वाढवण्यासाठी इंजिन ट्यून केलेले नाही असे त्यांनी स्वतःहून सांगितले आहे. ते तपासायला स्कॅनर नेणार आहोतच. साठ हजारांवर डीएसजीचे तेल बदलल्याचे बिल मी त्यांच्याकडे मागितले आहे आणि ते शोधून पाठवतो असे त्यांनी कळवले आहे. बिल आले तर आम्ही दोघे रविवारी पहाटेच निघू आणि आम्ही पोहोचेपर्यंत गाडी सुरू करू नका अशी विनंती त्यांना करू, म्हणजे थंड इंजिन सुरू होताना चेनचा खडखडाट येतो का ते ऐकता येईल. बिल आले नाही, तर तेल-फिल्टरचा खर्च आणि गिअरबॉक्सच्या जोखमीपोटी लाखभर रुपये किमतीतून कमी करून मागायचे आणि त्यांना ते मान्य नसेल तर दुसरी गाडी शोधायची, असे भावाशी ठरले आहे.